बर्फाच्या चंद्राचा वकील

भोर, ता. ११ जुलै १९४८

प्रिय कोंडिबा,

रामराम. हस्ताक्षर तू ओळखशीलच. साडेनऊ वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा आधी घरची खुशाली लिहितो आणि मग बाकीचं. तेवढा वेळ मला दे.

आम्ही सगळे बरे आहोत. चंद्राबाईचे गुडघे पावसाळ्यात धरतात. आमचा गेनू नऊ वर्षांचा झाला, चौथीत आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. उत्रोलीत भाताची लावणी चालू आहे. शेत भाऊच बघतो, मी आपला रविवारी जाऊन चिखलात उभा राहतो आणि संध्याकाळी पाय धुऊन परत मास्तर होतो.

मागल्या बाजारी वेल्ह्याचा म्हादू तूप घेऊन आला होता. त्याच्याकडून कळलं की तुझ्या आई, ठकुबाई, गेल्या. माघातच गेल्या म्हणे. मला कोणी कळवलं नाही, आणि का कळवावं? वेल्ह्याच्या शाळेत मी नवा होतो तेव्हा त्या तुला वरच्या धनगरवाड्यातून हाताला धरून घेऊन आल्या होत्या. तू चांगला बारा-तेरा वर्षांचा, मिसरूड फुटायला आलेला, आणि पहिलीच्या पोरांत बसायला लाजत होतास. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, गुरं राखाय दुसरी दोन हायेत. ह्यो तुमच्या हाती दिला." ताकाची कासंडी माझ्यापुढं ठेवली आणि वळून डोंगर चढायला लागल्या.

म्हादू असंही म्हणाला की तू रोज सकाळी गुरं सोडायच्या आधी वाड्यातल्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवतोस. ऐकून फार बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहायचा मला अधिकार आहे का, ते मात्र ठाऊक नाही.

इकडची मोठी बातमी तुला कळलीच असेल. मार्चात संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी दक्षिणेतल्या काही संस्थानांचा मिळून संघ करायचं चाललं होतं, तेही काही महिन्यांत आटोपलं. आपल्या गोष्टीतला ग्रहसंघ निदान नऊ प्रकरणं टिकला होता, असं मनात आलं. हसू आलं आणि तिथंच थांबलं.

एप्रिलात शाळेत त्यानिमित्त समारंभ झाला. सातवीतल्या रतन नावाच्या मुलीनं माझ्या पुस्तकातला एक उतारा पाठ म्हणून दाखवला. हो, पुस्तक निघालं आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकानं 'ग्रहसंघ' छापलं. मुलीनं उतारा असा म्हटला की मागं उभे असलेले पालकसुद्धा पुढं सरकले. शाळासमितीच्या अध्यक्षांनी व्यासपीठावरून खाली येऊन माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, दहा वर्षं आधी लिहिलंत हे! द्रष्टे आहात." अध्यक्ष तेच, ज्यांनी तुला शाळेतून काढलं. त्यांना काही आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

त्या दिवसापासून मला लिहिता येत नाही, धड शिकवता येत नाही. म्हणून हे पत्र.

आता सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या हातानं कधी लिहिलं गेलेलं नाही.

तू सातवीची फायनल पास झालास, तोवर माझी बदली भोरला झाली होती, आणि मी तुला भोरच्या आपल्या शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून आणलं. तुझं अक्षर मोत्यासारखं. शाळेच्या हस्तलिखित मासिकात माझी कथा दरमहा यायची, तिची स्वच्छ नक्कल तू करायचास. शके तीन हजारातली गोष्ट. पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी आणि त्यांचे झाडून सगळे चंद्र यांचा एक संघ, आणि त्याची सभा आपल्या चंद्रावर भरायची. मंगळाचे कालवे आटलेले. शनीच्या एका लहानशा चंद्रावर, हिमिकेवर, नुसता बर्फ. तो खणून मंगळाला न्यायचा, असा संघाचा ठराव. पृथ्वीला मंगळाचं लोखंड हवं, म्हणून पृथ्वी मंगळाच्या बाजूची. शनी म्हणे, बर्फ आमच्या अंगणातून जाणार तर आम्हाला जकात द्या. गुरूला भीती, की आज शनीच्या चंद्राला वेगळं मत दिलं तर उद्या आमचेही चंद्र मागतील. मतं डोकी मोजून व्हायची, आणि हिमिकेवर माणसं होती सगळी चारशे.

त्या सभेचे डावपेच लिहिताना मला कोण आनंद व्हायचा! तू दौत घेऊन समोर बसायचास आणि ऐकायचास. आठवं प्रकरण वाचून झालं तेव्हा तू बोललास.

"मास्तर, आठ प्रकरणं झाली. मंगळ बोलला, गुरू बोलला, शनी बी बोलला. ज्याचा बर्फ त्यो कुठं हाय?"

मी म्हणालो, "त्याचं म्हणणं सभापती मांडतील नवव्यात. मग हिमिका समजूतदारपणे मान्य करील."

"सभापतीला काय ठावं? माझ्या मामाचं गाव वेळवंडीच्या काठाला हुतं, त्ये धरणाखाली गेलं. मामा अजून म्हंतो, जे काय ठरलं त्ये ठरलं, पर म्या गुरं पाण्यावर नेली हुती तवा ठरलं."

चार दिवसांनी तू तीन पानं घेऊन आलास. हिमिकेच्या वकिलाचं भाषण. ते मला आजही तोंडपाठ आहे:

'सभापती म्हाराज, आमी चारशे हाय, तुमी कोटीनं हाय. मोजायला बसलं तर आमी न्हाईच. पर तुमी संघ म्हंता म्हणून इचारतो. ज्याला आत येताना इचारलं आनि ज्याला भाईर जायाला वाट हाय, त्याचा संघ. ज्याचं दार निस्तं भाईरनं लागतं, त्याला आमच्यात कोंडवाडा म्हंत्यात.'

भाषण संपतं आणि तो वकील सभेतून उठून चालायला लागतो, इथं तू थांबवलं होतंस.

मी तुला मिठी मारली होती. आठवतं ना? म्हणालो, हे असंच्या असं घालू. लाल शाईनं दोन ऱ्हस्व-दीर्घ तेवढे दुरुस्त केले.

जानेवारीच्या संमेलनात अंक पाहुण्यांच्या टेबलावर ठेवला होता. अध्यक्षांनी नेमकं तेच पान उघडलं. कोंडवाडा कोणाला म्हटलं आहे, संस्थानाला का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. चंद्राबाईला तेव्हा सहावा महिना होता. नोकरी गेली तर खायचं काय, हे सोडून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?"

मी म्हणालो, "अक्षर माझं नाही."

हे खरंच होतं. इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं.

"कथा तुमची. मग तुमच्या कथेत हे आलं कसं?"

मी म्हणालो, "मला न विचारता घातलं."

मग तुला आत बोलावलं. मी खिडकीशी उभा होतो. अध्यक्षांनी माझं वाक्य तुला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं आणि विचारलं, हे खरं का? तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. म्हणालास, "व्हय. म्या लिवलं. मास्तरांना ठावं नव्हतं."

कोंडिबा, माझं खोटं तू खरं करून दिलंस.

त्या दिवशी घरी जाऊन तुझी ती तीन पानं, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट, मी चुलीत घातली. चंद्राबाईनं विचारलं, काय जाळताय? म्हटलं, रद्दी.

आठवड्यानं तू गावी जायला निघालास तेव्हा दारात आलास. मी आत, माजघरात होतो. चंद्राबाईला मीच सांगितलं, नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "घरात न्हाईत." माझ्या वहाणा पायरीवर होत्या. फटीतून मला दिसत होतं. तू वहाणांकडं बघितलंस, वाकून त्या उन्हातून उचलल्यास आणि सावलीला सरकवून ठेवल्यास. "आले की सांगा, कपाटाची किल्ली शाळंत दिली हाय," म्हणालास आणि गेलास.

रतननं कोणता उतारा म्हटला, ते मी वर लिहायचं टाळलं. तुला एव्हाना कळलं असेल. पुस्तकात ते भाषण आहे. भाषा मी शुद्ध केली, आणि वकील शेवटी समजावणीनं पुन्हा जागेवर बसतो असं केलं. लोक पत्रं लिहितात ती त्याच भाषणाबद्दल. पुस्तकावर नाव माझं एकट्याचं आहे. आता प्रकाशकाला दुसरी आवृत्ती काढायची आहे.

सांग, मी काय करू? तुझं नाव घालतो. तू म्हणशील ते करतो. फक्त एकदा लिही की मला माफ केलंस.

तुझा अपराधी,
सावळाराम मास्तर


वरचा धनगरवाडा, वेल्हे
ता. २९ जुलै १९४८

मास्तर,

रामराम. पत्र पावलं. वर येस्तवर भिजलं, पर तुमचं अक्षर हाय, वाचाय अडलं न्हाई. मला शुद्ध लिवता येतं, तुमीच शिकिवलं. पर ह्ये म्या माझ्या बोलीत लिवतो. तुमी शुद्ध करू नगा.

आय गेली. तुमी काय केलंत त्ये तिला म्या कवाच सांगितलं न्हाई. नोकरी मीच सोडली म्हणून सांगितलं. ती शेवटपातूर तुमालाच दुवा देत व्हती. सणाला पहिलं तूप निघालं की म्हनायची, मास्तरांना धाडलं पायजे. त्ये ऐकून घेणं मला लई जड गेलं. पर खरं सांगितलं असतं तर तिचा शिकल्याल्या मानसावरचा इस्वास उडाला असता. मग वाड्यातल्या बाकीच्या बायांनी पोरं माझ्याकडं पाटीला धाडली नसती. म्हणून गप राहिलो. तुमच्यासाठी न्हाई.

वहाणांचं लिवलंय तुमी. त्या दिशी मला राग आला नव्हता. लाज वाटली व्हती. तुमची.

माफी मागता. म्या चार दिस इचार केला, गुरांमागं फिरताना दुसरं काम काय असतं? म्या आता माफ केलं म्हणून लिवून धाडलं तर तुमी निवांत व्हाल, आनि खरं बोलायचं तसंच राहील. तवा माफी धाडत न्हाई.

पुस्तकावर नाव बी नगं. हितं कोण वाचतंय? तुमी ज्या शाळंत खोटं बोलला त्याच शाळंत, त्याच लोकांम्होरं खरं बोला. पोरांम्होरं बोला. येवढंच.

आनि आमच्या वकिलाला तुमी परत बसवला, त्ये मला आवडलं न्हाई.

हितं पाऊस लई हाय. चंद्राबाईंच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकाय सांगा.

कोंडिबा


भोर, ता. १६ ऑगस्ट १९४८

प्रिय कोंडिबा,

काल पंधरा ऑगस्टचा झेंडा झाला. त्यानंतर सभागृहात भाषणं होती. माझं नाव शेवटी होतं. मी बोललो.

काही गाळलं नाही. खोलीतलं बोलणं, चूल, दार, पुस्तक, सगळं सांगितलं. भाषण तुझं आहे हे सांगितलं आणि तुझ्या बोलीत, तू लिहिलं होतंस तसं, म्हणून दाखवलं. वकील उठून चालायला लागतो तिथंच थांबलो. अध्यक्ष मध्येच म्हणाले, "मास्तर, आजच्या दिवशी जुनं कशाला उकरता?" मी म्हणालो, "जुनं असतं तर उकरावं लागलं नसतं." ते उठून गेले नाहीत, बसून राहिले. घाम पुसत होते.

आता पुढचं ऐक. मला वाटलं होतं लोक तोंड फिरवतील, उद्या शाळेतून पत्र येईल. त्याची तयारी मी केली होती. पण माझं बोलणं संपलं आणि टाळ्या झाल्या. हेडमास्तर म्हणाले, केवढं मोठं मन! दोघं-तिघं पालक येऊन पाया पडले. कोंडिबा, तुझी नोकरी गेली तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि माझ्या कबुलीला टाळ्या मिळाल्या. तुझ्या वाट्याचं जे काही होतं, तेही मीच घेऊन घरी आलो असं झालं. तुला हे लिहायची लाज वाटते, पण न लिहिलं तर पुन्हा तेच.

फक्त रतन टाळ्या वाजवत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "गुरुजी, ते कोंडिबा गुरुजी परत येणार का?" मी म्हटलं, "ते तिकडं शिकवतात." ती म्हणाली, "मग इथलं कोण भरून देणार?"

घरी येताना गेनू माझ्यापुढं दहा पावलं चालत होता. एरवी बोट सोडत नाही. नदीच्या पुलावर थांबला आणि म्हणाला, "आई म्हणती, मी तवा तिच्या पोटात हुतो. म्हणून तुमी खोटं बोललात का? माझ्यामुळं?"

सभागृहात मी तसंच सांगितलं होतं, कोंडिबा. तुलाही तसंच लिहिलं होतं. चंद्राबाईला सहावा महिना, नोकरीची भीती. गेली साडेनऊ वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत होतो. पण नऊ वर्षांचं पोर तोंडाकडं बघून विचारायला लागलं, तेव्हा ते त्याच्या खांद्यावर ठेवणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "नाही. तू नसतास तरी मी तेच केलं असतं."

"मग का?"

त्याला सांगितलं, मोठा झालास की सांगीन. तुला आता सांगतो. तू हे सगळ्यांआधी ऐकायला हवं होतंस.

तू ती तीन पानं आणलीस त्या संध्याकाळी मी तुला मिठी मारली, हे खरं. पण ती आनंदाची नव्हती. माझा चेहरा तुला दिसू नये म्हणून मारली होती. पहिल्या चार ओळी वाचल्या तेव्हाच मला कळलं होतं, की आठ प्रकरणं मी नुसते डावपेच लिहीत बसलो, आणि ज्याला मी अ आ ई शिकवलं त्यानं तीन पानांत सगळ्या ग्रहांना गप्प केलं. असं मला कधी लिहिता आलं नव्हतं आणि येणार नव्हतं. लाल शाईनं ते दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, ते दुरुस्त करायची काही गरज नव्हती. माझा हात त्या पानावर कुठंतरी लागायला हवा होता, म्हणून केले.

त्यामुळं संमेलनानंतर त्या खोलीत मला विचारलं, तेव्हा मी भ्यालो होतो हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की मनात कुठंतरी बरं वाटलं होतं. 'मला न विचारता घातलं' हे वाक्य माझ्या तोंडून अडखळत आलं नाही. सरळ आलं. आणि पुढं पुस्तकात वकिलाला मी खाली बसवलं ते सेन्सॉरच्या भीतीनं नाही. तो उठून निघून गेला असता तर पुढचं प्रकरण मला लिहिता आलं नसतं.

चंद्राबाईला हे सगळं काल सांगितलं. ती म्हणाली, "दार म्याच लावलं हुतं. माझंबी लिवा." म्हणून लिहितो. निर्गुडीचा पाला आणला आहे. त्यानं उतार आहे, हेही तिनं कळवायला सांगितलं.

प्रकाशकाला आज पत्र टाकलं. दुसरी आवृत्ती काढू नका म्हणून कळवलं. तुझं भाषण काढून पुस्तक छापावं तर त्यात काही उरत नाही, आणि तुझं नाव तुला नको आहे. छापलेल्या प्रती लोकांच्या घरात आहेत, त्या काही मला परत आणता येत नाहीत.

माफी मागत नाही. तू धाडली नाहीस ते बरं केलंस. या पत्राला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पुढंमागं वाड्यातलं एखादं पोर पुढच्या शिक्षणाला खाली पाठवायचं ठरलं, तर दुसऱ्या कोणा मास्तरांच्या हाती दे. उत्रोलीचे भिमा मास्तर सरळ मनाचे आहेत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. माझ्या हाती मात्र देऊ नकोस.

तुझ्याहून कमी लिहिता येणारा,
सावळाराम